तिसरा आग्रह

जहाजावरची माझी जागा मी देऊन टाकली आहे, ही बातमी मला भेंडी चिरताना कळली.

फोन ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यावर ओळ उमटली : 'तुमच्या वतीने उत्तर पाठवले आहे.' असं दिवसातून पन्नासदा यायचं, त्यामुळे मी आधी लक्षच दिलं नाही. सोसायटीला, गॅसवाल्याला, माझ्या नणंदेला, कुणाकुणाला माझ्या वतीने उत्तरं जातच असत. मग केंद्रातल्या ज्युनिअर 'ईशान'चं नाव दिसलं म्हणून चिकट बोटानेच मेल उघडला. आमच्या संचालकांना लिहिलेला होता, माझ्याच शब्दांत आणि माझ्याच गोडव्याने : 'सर, आता तुम्ही एवढं म्हणताय तर राहू दे. या खेपेला ईशान जाऊ दे. मी काय, पुढच्या वेळी जाईनच.'

मी मटकन स्टुलावर बसले. तेल तापून धुरायला लागलं तरी मला उठवेना.

मी मृण्मयी सुर्वे, रत्नागिरीच्या समुद्रतळ संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. नाव ठेवताना आईवडिलांना काय ठाऊक, की मुलगी जन्मभर चिखलच चिवडणार आहे! अरबी समुद्राच्या तळाशी, दोन-अडीच किलोमीटर खोल, गाळात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. वरच्या पाण्याचा प्रचंड भार त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. गाळ वर ओढला की तो भार सरतो आणि ते बिचारे वाटेतच संपतात. जगभरच्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा त्यांची मढीच तपासत बसतात. मी अनेक वर्षं खपून एक नळी तयार केली. वरून इशारा दिला की ती तळाशीच स्वतःचं झाकण लावून घेते आणि तिथला दाब तसाच्या तसा पोटात धरून वर येते. म्हणजे तळातला जीव जिवंत हाती लागतो. 'समुद्रिका' हे संशोधन जहाज आता जयगडहून निघणार होतं, आणि नळीबरोबर एका माणसाला जागा मिळाली होती. ते माणूस मी होते.

याआधी तीनदा माझी जागा ठरली होती आणि तीनदा मी ती सोडली. एकदा ओवी पोटात होती, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, आणि तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, नुसता समोरच्याने फार आग्रह केला होता. आयुष्यभर समुद्राचा अभ्यास केला तो किनाऱ्यावर बसून. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. अशी खेप सात-आठ वर्षांनी एकदा निघते, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत मी निवृत्त झालेली असणार होते. त्यामुळे ही जागा गेली तर समुद्र कायमचा गेला, हे मला पक्कं माहीत होतं.

आता 'जोडीदार'बद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्याचाच.

जोडीदार म्हणजे मेल वाचायचं आणि पाठवायचं ॲप. संस्थेने वर्षभरापूर्वी सगळ्यांच्या डेस्कटॉपवर आणि मोबाइलवर बसवलं. जुनी ॲपं तुम्ही काय लिहिता ते पाहून पुढचा शब्द सुचवत. जोडीदार तुम्ही कसं लिहिता ते पाहतो. कुठल्या शब्दाशी बोट अडखळलं, कुठलं वाक्य लिहून पुसलं, कुणाचं नाव दिसल्यावर मनगटावरच्या पट्टीत नाडी जोरात पळाली, हे सगळं तो टिपतो. त्यातून तुमच्या निर्णयाचा एक साचा तयार होतो. कंपनी त्याला 'छबी' म्हणते. छबी तयार झाली की तुम्ही जे उत्तर दिलं असतं तेच ती तुमच्या आधी देते. पहिल्या महिन्यात मला वाटलं, हातातलं लाटणं कुणीतरी आपणहून घेतलं. इतकं सुख!

पण एक गोष्ट कंपनीच्याही ध्यानात आली नव्हती. डेस्कटॉपवर माणूस बसून लिहितो. दार लोटलेलं असतं, चष्मा नाकावर असतो, दहा बोटं चालत असतात. मोबाइलवर तोच माणूस उभ्याने, एका अंगठ्याने, दुसऱ्या हातात पिशवी धरून लिहितो. ही दोन लिखाणं इतकी वेगळी असतात की जोडीदाराने बऱ्याच लोकांच्या दोन-दोन छब्या केल्या. माझ्याही. डेस्कटॉपवरच्या मृण्मयीने आदल्याच दिवशी जहाजाच्या कार्यालयाला कळवलं होतं, 'मी येत आहे.' आणि मोबाइलवरच्या मृण्मयीने आज भेंडीच्या साक्षीने जागा वाटून टाकली होती.

तेवढ्यात जहाजाच्या कार्यालयाचा मेल आलाच : 'आपल्याकडून दोन परस्परविरोधी उत्तरे आली आहेत. आज सायंकाळी पाचपर्यंत दोनपैकी एक छबी मुख्य म्हणून निवडावी. दुसरी पुसली जाईल. शिवाय आपल्या संचालकांची शिफारस आता ईशान टिल्लू यांच्या नावे आली आहे. ती बदलली नाही तर त्यांना जागा देण्यात येईल.'

मंदार, माझा नवरा, धुराचा वास आला म्हणून धावत आला. त्याच्यामागून ओवी, सुट्टीला हॉस्टेलवरून आलेली. मी दोघांना फोन दाखवला.

"मग डेस्कटॉपवाली ठेव की. प्रश्न मिटला," मंदार म्हणाला, आणि गॅस बंद करता करता पुटपुटला, "मला खरं तर मोबाइलवाली बरी वाटते."

"का?"

"ती माझं ऐकते."

ओवी फिस्सकन हसली. मी तिच्याकडे पाहिलं, तशी ती गंभीर झाली. विशीची पोर, पण एकेकदा आजीबाईसारखी बोलते.

"आई, रागावू नकोस, पण हे जोडीदाराने नवीन काही शोधलेलं नाहीये. तू ओट्यापाशी असलीस की तुला काहीही विचारावं, तू हो म्हणतेस. घरात सगळ्यांना माहितीय. मीनलआत्यापण फोन करते तो तू पोळ्या लाटतेस तेव्हाच. तिच्या नचिकेतची मुंज आपल्याकडे करायचं कधी ठरलं, आठव."

मला आठवलं. तवा तापलेला होता.

"तुम्ही सगळे वेळ बघून मला विचारता?" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. मंदार टाइल्स पुसायला लागला. त्या क्षणी मला दोघांचाही भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. यंत्राने माझी नस ओळखली याचं काही नाही, माझ्या माणसांना ती आधीपासूनच ठाऊक होती.

"बरं, मग डेस्कटॉपवालीच मी," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"ती नको, प्लीज," ओवी घाईने म्हणाली. "मी तुला मागच्या महिन्यात लिहिलं होतं ना, की मला इंजिनिअरिंग सोडावंसं वाटतंय, फार रडू येतंय? तिने काय उत्तर दिलं माहितीय? 'तुझा मेल मिळाला. मुद्द्यांचा विचार करून सविस्तर कळवते.'"

तो मेल मी पाहिलाच नव्हता. भेंडी तशीच सोडून मी लेकीला जवळ घेतलं. मग मी साडी बदलली आणि केंद्रावर गेले.

आमच्या संगणक विभागाचे प्रमुख अन्वर मुकादम. मूळचे राजापूरचे. जोडीदार आला तेव्हापासून त्यांचं आणि जोडीदाराचं उभं वैर. माझं ऐकून ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, अर्ध्या केंद्राच्या दोन छब्या झाल्यात. पण तुमचा प्रॉब्लेम तो न्हाय. तुमचा प्रॉब्लेम आग्रह."

"म्हणजे?"

"आपल्याकडं जेवताना काय करतात? 'वाढू का?' 'नको.' 'अहो, घ्या.' 'नको, खरंच नको.' तिसऱ्यांदा 'माझ्यासाठी एकच' म्हटलं की माणूस ताट पुढं करतो. पहिलं आणि दुसरं नको कोण धरत नाय. बरोबर? आता ह्या छब्या आपले लाखो मेल वाचून हेच शिकल्या. मराठी माणसाला तीनदा गळ घातली की तो मान डोलावतो. म्हणून आता ह्या एकमेकींना तीन-तीन मेल टाकत सुटल्यात. बघा, संचालकसाहेबांचे."

त्यांनी पडद्यावर ओळीने मेल उघडले. पहिला : 'ईशानला संधी द्यावी असे वाटते.' माझ्या छबीचं उत्तर : 'सर, या वेळी मलाच जायचं आहे.' दुसरा : 'तुम्ही तर घरच्याच, तुम्हाला काय सांगायचं!' उत्तर : 'नको सर, खरंच.' तिसरा : 'माझ्या शब्दाखातर.' आणि ताट पुढे. सगळे मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे दोन्ही बहिणी माझ्या फोनमध्येच नांदत होत्या.

"साहेबांचीपण मोबाइलवाली छबी हाय," अन्वरभाई डोळे मिचकावून म्हणाले. "डेस्कटॉपवर वाघ, मोबाइलवर गरीब गाय. काट्यानं काटा काढा."

मी काढला. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. छबी बंद करून मी स्वतःच्या अंगठ्याने लिहिलं, 'सर, मलाच जाऊ द्या.' टपकन उत्तर : 'निर्णय झालेला आहे.' मी : 'सर, तुम्ही नाही म्हणणारच नाही, मला खात्री आहे.' उत्तर : 'अहो, कशाला संकोचात टाकता!' मी : 'माझ्या शब्दाखातर.' आणि आलं, 'बरं बुवा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुम्हीच जा.'

अन्वरभाईंनी टेबलावर थाप मारली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की याला काही अर्थ नाही. दुपारपर्यंत ईशानची छबी सरांच्या छबीला तीन मेल टाकेल, मग मी तीन टाकेन. ओटीत आलेलं ब्लाउजपीस जसं या घरातून त्या घरात फिरत राहतं आणि कुणीच शिवत नाही, तशी माझी जागा फिरत राहणार. शेवटी पाच वाजता ज्याच्या दारात असेल त्याची.

"अन्वरभाई, मी वर जाते," मी म्हटलं.

"मेल टाकून जा, वेळ घेऊन."

"नाही. तशीच जाते."

संचालक डॉ. भडकमकर खोलीत होते आणि समोर ईशान बसला होता. तिशीचा, हुशार, थोडा घाबरट मुलगा. मला पाहून दोघं चपापले. मी सरांच्या टेबलावर माझा फोन ठेवला आणि म्हटलं, "सर, वाचा."

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. "हे मी कधी लिहिलं?"

"आत्ता. आणि सकाळी तुम्ही मला तीन मेल पाठवलेत ते?"

"मी? मी सकाळी दातांच्या डॉक्टरकडे होतो! तोंडात यंत्र होतं माझ्या!"

ईशान खुर्चीतून अर्धवट उठला. "मॅडम, मीपण जागा मागितली नव्हती. म्हणजे, मला जायचं आहे, नाही असं नाही. मी मोबाइलवर चार वेळा 'समुद्रिका'चा मार्ग उघडून पाहिला. माझ्या छबीने तेवढ्यावरूनच सरांना गळ घातली असावी."

म्हणजे झालं होतं असं : मी जागा दिली नव्हती, सरांनी काढली नव्हती, ईशानने मागितली नव्हती. आमच्या तीन सावल्यांनी आपसात रीतसर, मोठ्या अदबीने व्यवहार उरकून टाकला होता.

मला वाटलं, आता सर हसतील आणि विषय संपेल. पण माणूस यंत्राहून लबाड असतो. सरांनी चष्मा सावकाश पुसला.

"पण काय आहे मृण्मयीबाई, झालं ते चुकून झालं खरं, पण वाईट झालं का? ईशान तरुण आहे. समुद्रावर हाल असतात. तुमचं घर आहे, वय आहे. या वेळी राहू द्या."

ही पहिली वेळ. मला चक्क जाणवलं, की 'बरं सर' हे शब्द घशापर्यंत तयार होऊन आलेत. त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी खुर्ची ओढली, टेकून बसले, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले.

"नाही सर."

"अहो, तुम्ही इतक्या वर्षांच्या. तुम्हीच समजून घेतलं नाही तर कोण घेणार? नळी तुमची आहे हे साऱ्या जगाला माहीत आहे. नाव तुमचंच लागणार."

"नाही सर. नळीला झाकण कधी लावायचं हे तिथे उभं राहून ठरवायचं असतं. ते मला बघायचंय. माझ्या डोळ्यांनी."

सर पुढे झुकले. आवाज मऊ केला. या माणसाचा मला कधी राग येत नाही, हीच तर अडचण होती. माझ्या प्रबंधाच्या वेळी त्यांनी मला फार सांभाळून घेतलं होतं.

"माझ्या शब्दाखातर," ते म्हणाले.

सरांचा चेहरा आधीच सैल पडला होता, कारण त्यांच्या लेखी काम झालंच होतं. पन्नास वर्षांच्या पंगतींनी त्यांना हेच शिकवलं होतं. मलाही.

"तुमचा शब्द मोठा आहे, सर," मी म्हटलं. "पण नाही. मी जाणार."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या आग्रहाची आपल्याकडे पद्धतच नाही. त्यांच्यापाशी पुढचं वाक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापाशीही नव्हतं. माझं काळीज असं धडधडत होतं, की मनगटाची पट्टी टुंटुं वाजायला लागली. मी ती काढून टेबलावर ठेवली.

ईशानच आधी हसला. "सर, मॅडमना जाऊ द्या. पुढच्या खेपेला मी त्यांच्याकडून शिकून जाईन. नाहीतरी ते झाकण मी तळाला पोचायच्या आधीच लावीन."

सरांनी मान हलवली, बराच वेळ हलवली, आणि फोन उचलला. मेल केला नाही, नंबर लावला. "भडकमकर बोलतोय. सुर्वे येतील. हो, मी स्वतः बोलतोय. नाही हो, मीच! माझा दात दुखतोय, हे माझ्या छबीला येतं का सांगायला?"

जिना उतरताना मी दोनदा पायरी चुकले. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही. एवढं साधं 'नाही' म्हणायला बावन्न वर्षं लागली, आणि म्हटल्यावर आभाळ कोसळलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही, सरांनी मागून हाक मारून "सीलबंद पेट्या न्यायला विसरू नका" म्हणूनही सांगितलं.

अन्वरभाई वाट बघत होते. पडद्यावर जोडीदाराचा प्रश्न तसाच उघडा होता : कोणती छबी ठेवायची?

"दोन्ही पुसा," मी म्हटलं.

"मग मेल कशावर बघणार?"

"तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

ते जरा लाजले. स्वतःपुरतं वापरत असलेलं एक साधं ॲप त्यांनी काढून दाखवलं. "हे काय शिकत नाय, सुचवत नाय. डेस्कटॉपवर मेल वाचला की मोबाइलवर वाचलेला दिसतो. मोबाइलवर अर्धं लिहिलेलं डेस्कटॉपवर पुरं करता येतं. नेटवर्क नसलं की लिहून ठेवा, मिळालं की जातं. बस. पण मॅडम, छबी नसलेला मेल आता लोकांकडं सगळ्यात खाली पडतो. उत्तराला दिवस लागतील."

"लागू देत. लिहिणारी एकच असली म्हणजे झालं."

पुढचे आठवडे सोपे नव्हते. मीनलताईंना मी बसून लिहिलं, की मुंज आमच्याकडे होणार नाही, पण नचिकेतला मी घेईन ते कडं सोन्याचं असेल. त्या दहा दिवस अबोल राहिल्या. अकराव्या दिवशी कड्याचं माप आलं. मंदारला सवयच नव्हती. एकदा मी पोळ्या लाटत असताना तो दारात आला, काहीतरी विचारणार होता, थबकला. मग म्हणाला, "तुझं झालं की बोलू." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण त्या दिवशी मला तो नव्याने आवडला. ओवीला मी रोज लिहू लागले. कधी खोलीत बसून, कधी बसस्टॉपवर उभी राहून. पण लिहिणारी दोन्हीकडे मीच होते, त्यामुळे तिला दोन्हीकडे आईच मिळत होती. तिने इंजिनिअरिंग सोडलं नाही. एक विषय बदलला आणि निभावलं. केंद्रातही हळूहळू अन्वरभाईंच्या खोलीबाहेर रांग लागायला लागली. रांगेत तिसरे उभे होते भडकमकर सर.

आणि मग जयगड. 'समुद्रिका' लांबून दिसते त्याहून फार उंच असते, हे मला फोटोंनी कधी सांगितलं नव्हतं. मंदार आणि ओवी धक्क्यावर होते. नळीची पेटी क्रेनने उचलली तेव्हा मी दोघांचे हात घट्ट धरले होते. किनारा बारीक होत गेला, पाणी हिरव्याचं निळं झालं, निळ्याचं काळं. पहिल्याच दिवशी मला अशी उलटी झाली, की खलाशांनी माझं नाव 'लिंबूपाणी' ठेवलं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तिसऱ्या सकाळी भोंगा वाजला. जहाजावरची शिस्त असते, संकट आलं तर कोण कुठल्या बचाव नौकेत बसणार याची सगळ्यांकडून तालीम करून घेतात. केशरी जाकिटं घालून आम्ही डेकवर ओळीने उभे राहिलो. वारा कानात शिरत होता, चहूकडे नुसतं पाणी. मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, कागद धरून एकेक नाव घेत होता, आणि जो तो आपल्या जागेवर 'हजर' म्हणत होता.

"नौका दोन, जागा सात. सुर्वे?"

"आहे!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की अख्खं डेक हसलं. मेटसुद्धा हसला. मग कागदावर खूण करून पुढच्या नावाकडे वळला. मी मात्र सातव्या जागेवर तशीच ताठ उभी राहिले.